लाल यादीचं करायचं काय, ते आधी ठरवा

वाचकाचं पत्र

मी सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत शाखाधिकारी आहे. क्लार्क म्हणून लागले, त्याला वीसेक वर्षं झाली. सगळ्या शाखांचे मिळून आमचे चारेक हजार कर्जदार आहेत. मागच्या महिन्यात एका कंपनीने संचालक मंडळापुढे सॉफ्टवेअर दाखवलं. कोणता कर्जदार पुढे थकणार हे ते आधीच सांगतं आणि ९४ टक्के अचूक आहे, असं त्यांचं म्हणणं. नमुना दाखवायला आमचाच डेटा त्यांना पेन ड्राइव्हवर दिला होता. पडद्यावर लाल यादी आली, तर तिच्यात ऊस लावणारे माझे कितीतरी जुने सभासद. यांचा एक रुपया कधी बुडालेला नाही. आणि ज्यांच्या दारात आम्ही दर मार्चला जाऊन बसतो, त्यातले दोघे चक्क हिरव्या यादीत! मी तसं बोलले, तर चेअरमनसाहेब म्हणाले, "मॅडम, यंत्राला आपला-परका नसतो." आमच्याकडे नवीन लागलेला मुलगा डेटा सायन्सचा कोर्स करून आलाय. तो म्हणतो, "ताई, आता अंदाजाचे दिवस गेले." पुढच्या सभेसाठी माझं लेखी मत मागितलंय. विरोध केला तर बाई नव्याला घाबरतात म्हणतील. गप्प बसले तर त्या सभासदांना तोंड कसं दाखवू? आणि खरं सांगायचं तर माझ्या नोकरीचीही धास्ती वाटते. काय करू?

— एक शाखाधिकारी

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

विरोध करू नका आणि गप्पही बसू नका. तुमच्या पत्रातच तुमच्या लेखी मताचा निम्मा मजकूर आहे. तो फक्त हिशेबाच्या भाषेत मांडायचाय.

सुरुवात त्या हिरव्या यादीतल्या दोघांपासून करू. दर मार्चला तुम्ही त्यांच्या दारात का जाता? माझा अंदाज असा, की ३१ मार्चच्या आत त्यांचं खातं 'नवं-जुनं' करून घ्यायला. जुनं कर्ज भरल्याचं दाखवायचं, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तेवढंच, किंवा व्याजासकट थोडं जास्त, नवं कर्ज काढून द्यायचं. पैसा हलत नाही, कागद हलतो. एनपीए, म्हणजे थकून बसलेलं कर्ज, कमी दिसतो, लेखापरीक्षण पार पडतं. ही रीत तुमच्या एकट्या संस्थेची नाही, साऱ्या सहकाराला माहीत आहे. पण सॉफ्टवेअरला यातलं काय दिसतं? कर्ज वेळेत बंद झालं, पुन्हा घेतलं, पुन्हा वेळेत बंद झालं. त्याच्या लेखी हा सभासद सोन्यासारखा. यंत्राला आपला-परका नसतो हे चेअरमनसाहेबांचं म्हणणं खरं आहे, पण यंत्राला आपण जे लिहून दिलं त्यापलीकडचंही काही कळत नाही. दहा वर्षं आपण खात्यात जी सारवासारव केली, तीच ते शिकलं आणि पडद्यावर हिरव्या रंगात दाखवलं.

आता ऊसवाले. त्यांच्या कर्जाला हप्ता महिन्याचा लावलेला असणार, कारण तुमच्या संस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये तसाच लावता येतो आणि सगळ्यांना एकच नियम बरा पडतो. पण उसाचा पैसा महिन्याला येत नाही. गाळप साधारण नोव्हेंबरला सुरू होतं आणि मार्चच्या आसपास संपतं. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, द्यावी, असं १९६६चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. प्रत्यक्षात बिल कधी तुकड्यातुकड्यानं येतं, कधी लांबतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे जून ते ऑक्टोबर हा माणूस हप्ते चुकवणार आणि बिल जमा झालं की एकरकमी सगळं फेडणार. वर्षानुवर्षं तो हेच करत आला. यंत्र मोजतं ते 'हप्त्याला किती दिवस उशीर'. त्या मापाने तो दरवर्षी पाच महिने थकबाकीदार. पैसा उशिरा येणं आणि पैसा बुडणं या दोन गोष्टी तुमच्या डेटात वेगळ्या नोंदलेल्याच नाहीत. तिथे यंत्राने तरी त्या वेगळ्या कशा काढाव्यात?

हे दुरुस्त होतं, आणि दुरुस्ती सॉफ्टवेअरपेक्षा स्वस्त आहे. 'थकीत' म्हणजे काय याची व्याख्या ऊसवाल्यांसाठी मार्च ते मार्च अशी करा, ती कंपनीला लेखी द्या आणि यादी पुन्हा काढायला सांगा. त्याच्याही आधी संचालकांना विचारा, की उसाच्या कर्जाचा हप्ता उसाच्या बिलाशी का जोडला नाही. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातून हाती लागलेली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे. लाल यादीने सभासदांविषयी जेवढं सांगितलं, त्याहून जास्त तुमच्या कर्जाच्या नियमांविषयी सांगितलं.

आता ९४ टक्क्यांकडे वळू. सभेत फळ्यावर लिहून दाखवता येईल असं गणित देतो. समजा, चार हजारांपैकी खरोखर बुडवणारे शंभरी चार, म्हणजे १६० निघतात. आकडा मी उदाहरणासाठी घेतलाय, तुमचा खरा आकडा तुम्ही घाला. आता एका कागदावर नुसतं लिहा, 'आपल्याकडे कोणीच बुडवणार नाही.' हा कागद ४,००० पैकी ३,८४० जणांबाबत बरोबर ठरला. अचूकता ९६ टक्के! कंपनीच्या सॉफ्टवेअरपेक्षा दोन टक्के जास्त, आणि उपयोग शून्य. म्हणून 'किती टक्के अचूक' हा प्रश्नच सोडून द्या. दोन वेगळे प्रश्न विचारा. बुडवणाऱ्यांपैकी किती जण तुमच्या यादीत सापडले? आणि यादीतल्यांपैकी किती जण खरे बुडवणारे निघाले?

९४ टक्के अचूक म्हणजे चार हजारांत २४० चुका. धरून चालू की त्यातल्या ३२ चुका म्हणजे हातून सुटलेले बुडवे, आणि उरलेल्या २०८ म्हणजे विनाकारण लाल झालेले भले लोक. मग १६० पैकी १२८ बुडवे सापडले, हे चांगलंच आहे. पण लाल यादी झाली १२८ आणि २०८ मिळून ३३६ नावांची. तिच्यात दर शंभरातले बासष्ट जण पैसे फेडणारे. आता मला सांगा, ही यादी चांगली की वाईट?

ते यादीचं तुम्ही करणार काय यावर आहे. या यादीवरून वसुली अधिकाऱ्याने कोणाकडे आधी जायचं ते ठरवलं, तर ती फार चांगली आहे. चार हजार घरांऐवजी ३३६ घरी गेलात की १६० पैकी १२८ जणांना वेळेत गाठलंत. उरलेल्या २०८ घरी चहा झाला, विचारपूस झाली, त्यात कोणाचं वाईट झालं नाही. पण हीच यादी कर्ज नाकारायला वापरली, तर २०८ भल्या माणसांना तुम्ही खासगी सावकाराच्या किंवा मोबाइलवर कर्ज देणाऱ्या ॲपच्या दारात उभं केलंत. आकडे तेच, गणित तेच. म्हणून सॉफ्टवेअर घ्यायचं की नाही याआधी मंडळाने ठराव करावा तो हा, की लाल शेऱ्यावरून काय करता येईल आणि काय करता येणार नाही. माझ्या मते सुरुवातीची दोन वर्षं तरी लाल शेऱ्याने फक्त भेट ठरावी. नकार द्यायचा असेल तर माणसाने द्यावा, कारण लिहून द्यावं आणि खाली सही करावी.

हे मी इतक्या आग्रहाने का म्हणतोय, तर असे शेरे मारून मोकळं झाल्यावर काय होतं ते आपल्या शेजारीच दिसलंय. तेलंगण सरकारने 'समग्र वेदिका' नावाच्या प्रणालीत वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी एकमेकींशी जुळवल्या आणि त्यावरून कोण गरीब, कोण सधन हे ठरवायला घेतलं. एका सायकलरिक्षावाल्याच्या कुटुंबाचं रेशन बंद झालं, कारण नोंदीप्रमाणे त्याच्या नावावर मोटार होती. मोटार होती ती मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्याच माणसाची. राज्यात रद्द झालेल्या सुमारे १९ लाख रेशनकार्डांची प्रत्यक्ष जाऊन फेरतपासणी करा, असं २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. आता तुमच्या तालुक्यात एका गावात किती सुनील पाटील आहेत आणि त्यातल्या किती जणांच्या वडिलांचं नाव रामचंद्र आहे, ते बघा. एकाच माणसाचं आडनाव एका खात्यावर वाघमारे आणि दुसऱ्यावर इंग्रजी स्पेलिंग बदलल्यामुळे भलतंच, हेही तुम्ही पाहिलं असेल. कंपनीने तुमची खाती एकमेकांना जोडली ती कशाच्या आधारे, हे विचाराच. सभासद क्रमांकाने जोडली असतील तर ठीक. नावाने जोडली असतील तर ती यादी बाजूला ठेवा.

दुसरं एक उदाहरण दूरचं आहे, पण मनात ठेवण्यासारखं. नेदरलँड्समध्ये मुलांच्या पाळणाघराच्या खर्चासाठी सरकार अनुदान देतं. त्यात लबाडी कोण करेल हे हुडकायला करखात्याने जोखमीचे गुण देणारी प्रणाली वापरली, आणि नागरिकत्व परदेशी असणं हा तिच्यात एक निकष होता. हजारो कुटुंबांवर लबाडीचा शिक्का बसला, त्यांच्याकडून सगळी रक्कम परत मागितली गेली, घरं मोडली. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. आपल्याकडे नागरिकत्वाचा रकाना नसेल, पण आडनाव आहे, आणि गावाच्या पुढे वस्तीचं नाव आहे. आडनाव आणि वस्ती मिळून जात सांगतात, हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. नुसतं आडनाव काढून भागत नाही, वस्ती ते काम करते. कंपनीला विचारा, की कोणकोणते रकाने वापरलेत त्यांची पूर्ण यादी द्या. 'आमचं तंत्र गोपनीय आहे' असं उत्तर आलं तर तेवढ्यावरून मी नको म्हणेन. ज्या यंत्राचं कारण शाखाधिकाऱ्याला सांगता येत नाही, ते सभासदाला कसं सांगणार?

आणखी एक रकाना डोळ्यात तेल घालून शोधा. तुमच्या डेटात नोटीस दिल्याची तारीख किंवा सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या वसुली दाखल्याची नोंद होती का? असेल आणि यंत्राने तीही वाचली असेल, तर त्याने ओळखलं त्यात नवल काय? नोटीस गेलेला माणूस थकलेला आहे हे तुमचा शिपाईही सांगेल. बऱ्याच झगझगीत आकड्यांच्या मागे नेमकं हेच असतं. त्यावर उपाय साधा आहे. कंपनीला ३१ मार्च २०२४ पर्यंतचाच डेटा द्यायचा, पुढच्या वर्षाचा झाकून ठेवायचा. त्या वर्षी कोण थकेल हे त्यांनी लिहून द्यावं, मग तुम्ही झाकलेलं उघडून ताडून बघावं. प्रामाणिक कंपनी याला आनंदाने तयार होते. शिकवताना कोणती वर्षं घेतली हेही विचारा. तुमच्या भागात ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर आहेत, मधे लॉकडाऊन आहे. त्या वर्षी थकलेला माणूस आणि एरवी थकलेला माणूस एकाच मापाने मोजणं हा अन्याय आहे.

इतकं वाचून तुम्हाला वाटेल, की हा माणूस या सगळ्याच्या विरोधातच आहे. तसं अजिबात नाही. मी डेटा खणायच्या याच कामात आयुष्य घातलंय आणि पतसंस्थांनी हे करायलाच हवं असं माझं ठाम मत आहे. फक्त ते कुठून सुरू करायचं याबद्दल माझं मत वेगळं आहे.

उदाहरणार्थ, जामीनदार. सगळ्या शाखांच्या कर्जांचे जामीनदार एका तक्त्यात आणा आणि सभासद क्रमांकाने मोजा. एकच माणूस दहा-बारा कर्जांना जामीन असल्याचं दिसेल. अमक्याला तमका जामीन आणि तमक्याला अमका, अशा जोड्या निघतील. कधी पाच-सहा जणांचं पूर्ण वर्तुळ निघेल, ज्यात एक पडला की सगळे पडतात. एका शाखेत बसून हे कोणाला दिसत नाही, कारण प्रत्येकाची फाइल वेगळी असते. डेटा खणायचा तो यासाठी. त्यात संचालकांच्या नात्यातली कर्जंही वर येतील, आणि म्हणूनच कदाचित हा तक्ता आजवर कोणी मागितला नसेल.

दुसरं, पिग्मी. १९२८ साली उडुपीच्या सिंडिकेट बँकेने पिग्मी ठेव सुरू केली ती छोट्या माणसाला रोज चार पैसे बाजूला टाकता यावेत म्हणून. आज तिच्याएवढा बारीक डेटा मोठ्या बँकांकडेही नसेल. तुमच्या एजंटच्या मशीनमध्ये चहावाल्याची, भाजीवालीची, गॅरेजवाल्याची रोजची नाडी आहे. रोज शंभर भरणारा पन्नासवर आला, मग एक दिवसाआड, मग आठवड्याने. त्याच सुमारास त्याने मुदत ठेव मोडली आणि बायकोचे दागिने सोनंतारणाला आणले. यातली एकेक गोष्ट काहीच सांगत नाही. तिन्ही एका तिमाहीत आल्या, की घरात काहीतरी बिघडलंय. कोणत्या गोष्टी वारंवार एकत्र घडतात हे लाखो नोंदींतून झपाट्याने काढायची पद्धत राकेश अगरवाल आणि रामकृष्णन श्रीकांत या आपल्याच दोन संशोधकांनी १९९४ मध्ये आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत मांडली. दुकानात कोणता माल कोणत्या मालाबरोबर खपतो ते शोधायला ती निघाली होती. तुमच्या कामाला ती तितकीच लागू पडते. फरक इतकाच, की या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्यावर वसुलीची नोटीस काढायच्या आधी कोणीतरी त्या घरी जाऊन "काय झालं?" असं विचारायला हवं. हप्ता कमी करून मुदत वाढवली तर कर्ज वाचतं आणि माणूसही.

आता पेन ड्राइव्ह. ताई, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. चार हजार लोकांची नावं, आधार, मोबाइल, कर्ज, जामीनदार, हे सगळं कराराशिवाय एका परक्याच्या खिशात गेलं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि संस्थांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. बाहेरच्या कंपनीकडून काम करून घ्यायचं तर वैध करार हवा, आणि तिच्या हातून काही झालं तरी जबाबदार तुमची संस्थाच, असं हा कायदा म्हणतो. ज्या माहितीवरून माणसाबद्दल निर्णय होणार, ती पूर्ण आणि अचूक ठेवण्याची जबाबदारीही तो संस्थेवर टाकतो. सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. पण कायदा लागू व्हायची वाट कशाला बघायची? सभासदाने ती माहिती तुमच्यावर विश्वास ठेवून दिली होती. सभेची वाट न बघता कंपनीकडून डेटा परत मागवा, त्यांच्या यंत्रांवरून पुसल्याचं लेखी घ्या. पुढे नमुना हवाच असेल, तर नाव, आधार, मोबाइल काढून, सभासद क्रमांकही बदलून द्या.

चेअरमनसाहेबांपुढे हे सगळं मांडताना कोणाला दोष देऊ नका. 'नवं-जुनं' हा शब्द लेखी मतात लिहायची गरज नाही. 'मार्चअखेर बंद होऊन ३० दिवसांत पुन्हा दिलेली कर्जं वेगळी धरून यादी पुन्हा काढावी', एवढं लिहिलं तरी सगळ्यांना काय ते समजेल, आणि कोणाला नाही म्हणता येणार नाही. सॉफ्टवेअर एकदम विकत घेण्याऐवजी एका शाखेत एक वर्ष चालवून बघावं, असं सुचवा.

नोकरीचं म्हणाल, तर धास्ती समजते, पण त्या सभेत चूक ओळखणारं तुमच्याशिवाय दुसरं कोण होतं? तो मुलगा तुमचा प्रतिस्पर्धी नाही. त्याला तंत्र येतं आणि ते खरंच उपयोगाचं आहे. कोणता आकडा का खोटा बोलतोय हे तुम्हाला येतं. शनिवारी दुपारी काम आटोपलं की त्याला शेजारी घेऊन बसा. चार हजार कर्जदारांसाठी महागडं काही लागत नाही. एक्सेलच्या एका पानावर दहा लाखांहून जास्त ओळी मावतात. पिव्होट टेबल, म्हणजे नोंदी गटवार मोजून देणारा तक्ता, शिकवायला त्याला सांगा, दोन-तीन बैठकांत हात बसेल. पहिला तक्ता जामीनदारांचा करा, दुसरा ऊसवाल्यांच्या फेडीचा, महिन्यानुसार.

आणि मग तिसरं काम, जे तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही. तुमच्या प्रणालीत किती थकले हे आहे, का थकले याला जागाच नाही. एक रकाना वाढवून घ्या. उसाचं बिल अडकलं, घरात आजारपण, लग्नकार्य, धंदा बसला, भाऊबंदकी, दुसऱ्याच्या जामिनात अडकला, पैसे असून देत नाही. अशी आठ-दहा कारणं ठरवा, त्याहून जास्त नकोत, नाहीतर भरणारा कंटाळतो आणि सगळ्यांपुढे 'इतर' लिहून मोकळा होतो. भेटीवरून आलेल्या माणसाने त्याच दिवशी भरायचं, महिनाअखेर तुम्ही एकदा नजर टाकायची. येत्या गाळपाच्या आधी सुरू केलंत, तर पुढच्या मार्चपर्यंत एका पूर्ण हंगामाची नोंद तुमच्या हातात असेल.